नऊपैकी तीन

"तीन," कठड्यावरचा कान न उचलता तोताराम म्हणाला.

भूषण साहेबांनी पेन अडवून धरलं. "चार लिहू का, भाऊ? चारवर पूल चालू राहतो. तीनवर बंद करावा लागेल."

"पूल आतमा पोकळ शे, साहेब. मी काय करू?"

तोताराम रस्ते खात्यातला साधा मजूर. पण कान असा, की यावलच्या मळ्यात केळीचा घड पिकायला लागला की याची शिंदखेड्यात झोपमोड व्हायची. खोटं वाटत असेल तर केळ्यांना विचारा. तो हातोडीनं पूल ठोकायचा, ऐकायचा, आकडा सांगायचा. साहेब तो फॉर्मात भरून खाली इंग्रजीत सही करायचे. नऊ म्हणजे नवाकोरा, शून्य म्हणजे आटोपला. पुलाचं नाव सांगत नाही. अजून उभा आहे, मनाला लावून घेईल.

तीन पडला. धुळ्याचा रस्ता बंद. दोन्ही टोकांच्या पाट्या तोतारामनंच रंगवल्या, 'पूल धोकादायक. सर्व वाहनांस बंद.' पिंपं आडवी लावली. वळसा बावीस किलोमीटरचा. दुसऱ्याच दिवसापासून वाळूचे डंपर पिंपं सरकवून जाऊ लागले. गेल्यावर परत जागच्या जागी ठेवत. तेवढे सभ्य होते.

आठव्या दिवशी भर दुपारी त्याच्या बायकोच्या, बेबाबाईच्या, छातीत कळ आली. तिला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात निघालेली अँब्युलन्स पुलाच्या तोंडाशी थांबली. समोरून भरलेला डंपर डुलत आला, हॉर्न देऊन निघून गेला.

ड्रायव्हर पितांबर मागे वळला. "नाना, पाटी तुमना हातनी शे. तुम्हीच सांगा. टाकू का गाडी?"

बेबाबाईनं नवऱ्याची बाही मुठीत धरली होती. "डंपर गया ना... मनं असं काय वजन शे?"

बाही सोडवून तोताराम उतरला. कठड्याला कान लावला. डंपर केव्हाच गेला होता, पूल आत अजून कुरकुरत होता. गाडीत पितांबर होता, त्याला दोन लेकरं. सलाईन धरून बसलेली मोनाली नर्स होती, तिचं लग्न ठरलेलं.

तो परत येऊन बसला. बेबाबाईनं पुन्हा बाही धरली.

"फिरव," तो म्हणाला.

सतराव्या किलोमीटरला मूठ सुटली.

"पूल काही पडना नही," दहाव्याच्या विधीला शेजारची शेवंताबाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बाई मात्र गई."

महिन्यानं भूषण साहेब परत आले. "वरून फार दबाव आहे, भाऊ. पाच म्हणा."

तोतारामनं ठोकलं. बराच वेळ ऐकलं. "दोन."

"बायको गेली म्हणून आता आकडा खालीच नेणार का?"

साहेबांनी पाच लिहिला, इंग्रजीत सही केली.

पाट्या काढायचं कामही त्याचंच. धुळ्याकडची शेवटची पाटी काढून त्यानं सायकलला बांधली. शेजारून पहिली एसटी पुलावर चढली. कंडक्टर ओरडला, "नाना, चाला ना, आते मोकळा शे!" घर पुलापलीकडे, दिसत होतं.

तोतारामनं सायकल वळशाच्या रस्त्याला घातली.

त्या दिवशी जी जागा सतराव्या किलोमीटरला लागली होती, ती इकडून पाचव्यालाच लागली. तो उतरला. शर्टाची चुरगळलेली बाही सरळ केली. उरलेले सतरा किलोमीटर सायकल हातात धरून चालत गेला.