तिसऱ्या हिश्शाचं ऊन पाणी

ब्राझीलमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा. तो आला की मान्तिकेराच्या डोंगरातल्या त्या गावात पाणी असं गारठतं की तोंड धुताना माणसाला आपली सगळी पापं एकदम आठवावीत. अशा दिवसांत संत योहानाच्या सणासाठी फादर बेलार्मिनो जुरांदिरच्या घरी उतरले.

फादर प्रवचन सांगत नसत, गात. त्यांनी ओळ उचलायची आणि सगळ्या देवळाने ती झेलायची. झेलणाऱ्यांचा म्होरक्या जुरांदिर. या पाहुणचारासाठी त्याने वर्षानुवर्षं देवाला विनवलं होतं. त्यात जबाबदारी एकच. थंड पाणी अंगावर पडलं की फादरांचा गळा हमखास बसे, आणि प्रवचन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. म्हणून त्याने न्हाणीघरातला, पाणी जागीच तापवणारा जुना विजेचा शॉवर काढला आणि मेहुणी इव्होनेने ब्राझिलियाहून आणलेला, चकचकीत, मोठ्या तोंडाचा नवा शॉवर स्वतःच्या हाताने बसवला. पाण्याखाली बोट धरून बघायचं मात्र राहून गेलं.

दुपारी फादर आत गेले. अंगभर साबण लावून झाल्यावर दाराआडून त्यांचा शांत आवाज आला, "जुरांदिर, या पाण्याचं मन अजून ठरलेलं नाही रे. ना गरम, ना गार."

जुरांदिर दाराशी धावला. त्याने नळ थोडा आवळायला सांगितलं, म्हणजे पाणी सावकाश जाईल आणि जरा तापेल. फादरांनी तसं केलं आणि कळवलं की आता पाणी जरा बरं आहे, पण या धारेने साबण सणापर्यंतसुद्धा निघायचा नाही. पाठोपाठ एक शिंक ऐकू आली.

बायको नाईर चुलीवर पातेलं चढवता चढवता म्हणाली, "माझ्या बहिणीची वस्तू म्हणून आता नावं ठेवाल. पण बसवली कुणी?"

जुरांदिरने नावं ठेवलीच. आतली तापायची तार कमजोर आहे, जास्त ओहमची आणली पाहिजे, असं म्हणत तो टोपी घालून दुकानाकडे निघाला. तेवढ्यात आतून आज्ञा झाली की आधी खोक्यावर काय छापलंय ते वाच. मठाच्या शाळेत फादरांनी अर्धं आयुष्य पदार्थविज्ञान शिकवलेलं होतं.

जुरांदिरने वाचलं, "दोनशेवीस व्होल्ट. साडेपाच हजार वॅट."

नाईरने कपाळावर हात मारला. ब्राझिलियात घराघरात दोनशेवीसच. इथे मात्र भिंतीत एकशेसत्तावीस. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि घरातल्या दोन शहाण्यांना ऐनवेळी आठवली नव्हती.

फादर मात्र खुलले. नाईरने दाराच्या फटीतून दिलेली घोंगडी अंगाभोवती गुंडाळून ते आतल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी उद्याच्या प्रवचनाच्याच चालीत सूर लावला, "साडेपाच हजार वॅट, भागा व्होल्टांनी, किती वाहते वीज?"

जुरांदिरला सवयीने झेलावंच लागलं. "पंचवीस अँपिअर."

"दोनशेवीस भागा पंचवीसने, तार किती अडवते?"

"आठ पूर्णांक आठ ओहम," स्वयंपाकघरातून नाईर गायली.

"तार तीच, गाव बदललं. एकशेसत्तावीस भागा आठ पूर्णांक आठने."

कॅलेंडरच्या पाठीवर जुरांदिरची पेन्सिल चालली. चौदा अँपिअर आणि वर थोडे. त्याला पुन्हा एकशेसत्तावीसने गुणल्यावर आले जेमतेम अठराशे तीस वॅट.

"साडेपाच हजारांचा तिसरा हिस्सा!" तो सूर सोडून ओरडला.

फादरांनी दाराआडून समजावलं की व्होल्ट उतरले की अँपिअरही उतरतात. दोन्हीकडून मार बसतो, म्हणून ऊब इतकी खाली येते. जुरांदिरला तरीही जास्त ओहमच्या तारेचा हेका सोडवेना.

"अरे बाबा, ओहम वाढवलेस तर वीज आणखी आटेल," फादर म्हणाले. "मग उद्याचं प्रवचन मला स्वर्गातूनच गावं लागेल."

नाईरला तेव्हा भट्टी आठवली. तिची मोठी विजेची भट्टी लेकीच्या घरी गेली होती. त्या भट्टीसाठी दोन्ही फेज एकत्र घेतलेला जोडस्विच विजेच्या पेटीत रिकामाच होता. एका फेजवर एकशेसत्तावीस, पण दोन फेजांच्या मध्ये दोनशेवीस मिळतात, हे भट्टीमुळे तिला पाठ होतं. भिंतीतली वायर जळेल का, एवढीच जुरांदिरला धास्ती. पण तेही भागाकाराने मिटलं. जुना शॉवर चव्वेचाळीसशे वॅटचा, एकशेसत्तावीसवर पस्तीसेक अँपिअर ओढायचा आणि वायर ते निमूट सोसायची. नवा पंचवीसच मागणार.

घरचा मुख्य स्विच खाली ओढून, अर्थिंगला धक्का न लावता, जुरांदिरने शॉवरच्या न्यूट्रल आणि फेजच्या वायरी जोडस्विचला आवळल्या.  मग मुख्य स्विच वर केला आणि दारावर टिचकी मारली.

पाणी सुटल्याचा आवाज आला.  नाईरने क्रुसाची खूण केली. दाराखालच्या फटीतून वाफेची पांढरी जीभ बाहेर आली, आणि मागोमाग फादरांचा भरदार, बिनखरखरीचा आवाज. योहानाने नदीत लोकांना न्हाऊ घातलं, ती ओळ.

न्हाणीघराची खिडकी रस्त्यावर उघडते. सणाच्या पताका बांधणारी माणसं शिडीवरच थांबली. त्यांना वाटलं, प्रवचन आजच सुरू झालं. कुणीतरी टोपी काढली, कुणी पुढची ओळ झेलली, बघता बघता अर्धी गल्ली गाऊ लागली. आत साबणात बुडालेल्या फादरांना थांबता येईना, कारण झेलणारे थांबत नव्हते.

जुरांदिर पेटीपाशी उभा होता, हातात पेचकस. डोळे पुसत त्याने आपली ओळ झेलली, तीही जरा चढ्या सुरात, म्हणजे दाराआड ऐकू जावी.