गौळणींचे डोळे राहिले

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. माझे केस वाळून काडीसारखे कडक झाले आहेत आणि त्यांवर पांढरा रंग बसला आहे. पण मी ऐरागैरा कुंचला नाही. भिंतीवरच्या चित्रांचे डोळे उघडण्यासाठी मला घडवलं होतं.

मला घडवलं वाईजवळच्या एका खेड्यातल्या चित्रकाराने. सगळे त्यांना अण्णा म्हणत. देवळांच्या भिंतींवर जुन्या पद्धतीची चित्रं काढणारे आमच्या भागात तेवढेच उरले होते. गोठ्यातल्या वासराच्या कानातले चार केस त्यांनी हळूच कातरले, रेशमाच्या दोऱ्याने बांबूच्या काडीला बांधले, आणि मी जन्माला आलो.

बाकीचे कुंचले महिना महिना गेरूच्या आणि पिवडीच्या रंगात राबत. मी कोनाड्यात बसून असे. शेवटच्या दिवशी घरची, गावची माणसं भिंतीसमोर उभी राहिली की अण्णा मला काजळात बुडवत. दोन टिंबं टेकवली की झालं. तेवढ्यात भिंतीवरचा हत्ती बघायला लागे, राणी लाजे, आणि लोक हात जोडत. मी चांगलाच शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

अण्णांची मुलगी मेधा त्यांच्याकडून हे काम शिकली, पण पोटासाठी हिशेबनीस झाली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, देवेंद्रबरोबर, कुवेतला निघाली तेव्हा अण्णांनी मला मलमलच्या चिंधीत गुंडाळून तिच्या हातात दिलं.

"डोळे उरकायचे नसतात, मेधा," ते म्हणाले. "आपली सगळी माणसं समोर असली की मगच उघडायचे."

कुवेतमधल्या रुमैथिया भागात, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तिथल्या हॉलच्या भिंतीला मेधाने चुन्याचा हात दिला आणि डोक्यावर दुधाच्या चरव्या घेतलेल्या पाच गौळणी काढल्या. त्यांच्या पायाशी, दिव्याच्या बटणांच्या बाजूला, एक वासरू. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं, कॅनव्हासवर काढ, गुंडाळून नेता तरी येईल. मेधा म्हणायची, गुंडाळता येतं ते भिंतीचं चित्र नव्हे.

शुक्रवारी मराठी घरांतली मुलं तिच्याकडे शिकायला यायची. आधी सात होती, मग क्लास आणि परीक्षा निघाल्या, दोन राहिली, मग तीही गेली. तिची स्वतःची लेक स्पृहा सोफ्यावर पाय घेऊन बसलेली असायची. मेधाने हाक मारली की उत्तर ठरलेलं होतं, "लेटर, ममा."

चित्राचं कौतुक मात्र पुष्कळ झालं. सणावाराला येणारे पाहुणे भिंतीपुढे उभे राहून फोटो काढत. गौळणींना डोळे नाहीत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ते विचारलं फक्त फारूकभाईने. तो उत्तरेकडच्या सिवानचा, इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. नळ दुरुस्त करायला आला आणि पाना हातात तसाच धरून बघत राहिला.

"मॅडम, इतना सब बनाया, आँख नहीं बनाई?"

"मेरे पिताजी आएँगे ना, तब बनाऊँगी."

मी खिडकीत काचेच्या बरणीत उभा राहून अण्णांची वाट पाहत होतो. मधली काही वर्षं भेटीचे व्हिसाच बंद होते. सुरू झाले तेव्हा अण्णा फोनवर म्हणाले, "बॅग भरू का?" मे महिना होता. मेधा म्हणाली, "आत्ता नको हो अण्णा, इथे आग ओकतेय. ऑक्टोबरात या, हवा छान असते." अण्णा बरं म्हणाले. ते नेहमी 'बरं'च म्हणत.

सप्टेंबरात अण्णा गेले.

मेधा आणि स्पृहा मिळेल त्या विमानाने निघाल्या. खाली फारूकभाईने बॅगा गाडीत ठेवल्या. मेधा त्याला म्हणाली, "आती हूँ, फारूकभाई." पण आईला एकटं टाकून ती परत येऊ शकली नाही. देवेंद्रने नोकरी सोडली, सामान बांधलं आणि तोही गेला. खिडकीतल्या बरणीकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

मालकाने घर पांढरं करायला सांगितलं. फारूकभाईने सगळ्या खोल्या रंगवल्या, फक्त गौळणींची भिंत ठेवली. मालकाने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने सांगितलं, मॅडम आती हूँ बोलके गई है. दोन महिन्यांनी नवं बिऱ्हाड ठरलं, तेव्हा त्याने मेधाला फोन लावला.

"मॅडम, आप बोली थीं आती हूँ. मैंने दीवार को हाथ नहीं लगाया."

मेधाने त्याला समजावलं.

"फारूकभाई, हमारे में निकलते वक्त 'जाती हूँ' नहीं बोलते. अच्छा नहीं होता. जाना हो तो भी 'आती हूँ' बोलते हैं."

"मतलब आप नहीं आएँगी?"

"नहीं."

फारूकभाईने मग फोनवरून भिंत दाखवली. पडद्यावर मेधा होती, तिची आई होती, देवेंद्र आणि स्पृहा होते. त्याने मला बरणीतून उचललं. "मॅडम, मेरे पास सुरमा है. आप बोलो तो आँख मैं रख दूँ. सब लोग तो हैं सामने."

"हो म्हण ना, ममा," स्पृहा म्हणाली. "प्लीज."

मेधा भिंतीकडे पाहत राहिली. "नको," ती म्हणाली. "अण्णा कुठे आहेत समोर? नहीं फारूकभाई, रहने दीजिए."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. बाई, पाचवं माणूस आता कधीच येणार नाही, पण चार उभी आहेत ना! त्यांना तरी बघू दे गौळणींकडे. तिचा रागही येतो आणि कीवही येते. वडिलांचा शब्द पाळायला गेली, आणि वडिलांचंच काम अर्धं राहिलं.

दुसऱ्या दिवशी फारूकभाईने रोलर फिरवला. चरव्या गेल्या, पदर गेले, न उघडलेले डोळे गेले. बटणांच्या कडेला रोलर पोचत नव्हता. तिथे वासराचा कान तेवढा उरला होता. फारूकभाईने इकडेतिकडे पाहिलं आणि मला पांढऱ्या रंगात बुडवलं. इतकी वर्षं ज्या भिंतीकडे बघत उभा होतो, तिला मी पहिल्यांदा टेकलो ते तो कान झाकायला.

मग मला घेऊन तो तसाच खाली आपल्या खोलीत जाऊन बसला. मला धुवायचं त्याच्या मनातच आलं नाही.

गेल्या आठवड्यात स्पृहाचा फोन आला. अण्णांच्या ओसरीवर तिने आईकडून शिकून पहिली भिंत काढली आहे. पाच गौळणी आणि एक वासरू. आजी, आई, बाबा, सगळी समोर आहेत. "फारूक अंकल, अण्णाजी का ब्रश है आपके पास? आँखें बाकी हैं."

"है ना बेटा, सँभालके रखा है," तो मोठ्या खुशीत म्हणाला आणि त्याने मला शोधून काढलं. नंतर त्याने मला गरम पाण्यात घातलं, साबण लावला, थिनरमध्ये रात्रभर ठेवलं. रंग निघाला नाही. केस मात्र दोन तुटले.

उद्या पुण्याला जाणाऱ्या कोणाबरोबर तो मला धाडणार आहे. कागदात गुंडाळताना "जाओ" म्हणता म्हणता थांबला आणि म्हणाला, "आना." मी जाईन. पण कागद उलगडल्यावर त्या पोरीला काय वाटेल, याच विचाराने मला कसंनुसं होतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. काम झालं की कुंचला लगेच धुवा. नंतर धुतो असं म्हणू नका.