न उघडलेल्या देगा

नकार कोरडा देऊ नये म्हणून रत्नपालनं औंढ्यातून पेढ्यांचा डबा घेतला होता. माणूस मुळात भिडस्त, त्यात विरोधी पक्षाचा तालुकाध्यक्ष. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

पक्षाची तालुक्यात काय गत झाली होती, ते कार्यालयाच्या भिंतीला विचारावं. तिथल्या फोटोंतली अर्धी माणसं आता सत्ताधाऱ्यांच्या बॅनरवरून हात जोडत होती. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली, आणि सिद्धेश्वर धरणाकडचा गट बाईसाठी राखीव सुटलेला. तिथं तांड्यावरच्या रूपाबाईनं तिकीट मागितलं होतं. धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नव्हतं, तेव्हा हिंगोलीच्या कचेरीसमोर ठाण मांडून ते आणणारी ही बाई. रत्नपालचं मन तिच्याकडेच ओढ घेत होतं. पण सकाळी जिल्हाध्यक्षांनी फोनवर सांगून टाकलं, "तो गट सोडून द्या. जेवणावळी घालायला पैसा आहे का आपल्यापाशी? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस. उमेदवारी देणारा, पक्षाच्या सहीचा एबी फॉर्म रत्नपालच्या खिशात होता. तो तसाच कोरा परत न्यायचा आणि जाता जाता रूपाबाईला नाही म्हणून यायचं, एवढंच काम उरलं होतं.

तांड्याच्या वळणावरच मटणाचा वास आला. पुढं मोकळ्या जागेत चुलवणांवर मोठाल्या देगा, बाजूला पत्रावळींचे गठ्ठे. सत्ताधाऱ्यांच्या उमेदवारानं जेवण घातलेलं दिसत होतं. रत्नपालला, खरं सांगायचं तर, हलकंच वाटलं. तांडा तिकडं गेलाच असेल, तर आपला नकार फुकटात पचेल.

पण देगांपाशी चिटपाखरू नव्हतं. झाकणं उघडलेली नव्हती. एकही पत्रावळ उष्टी झालेली नव्हती. आणि घरोघरच्या चुली मात्र पेटलेल्या, दारादारातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. लेकरं ओट्यावर बसून ठेचा-भाकर खात होती. मटणाचा वास त्यांच्या नाकावरून जात होता, पण एक लेकरू उठून तिकडं गेलं नाही.

तांड्याचा नायक शंकरसिंग लिंबाखाली बसला होता. "दुपारी येऊन शिजवून गेले," तो म्हणाला. "आमी न्हाई म्हणलं. ऐकलं न्हाई. आता येतील उचलून न्यायला."

"आन् कुणीच खाल्लं न्हाई?"

"ज्याचं मीठ खाल्लं, त्याला मत द्यावं लागतं. आज्या-पंज्यापासून रीत हाये आमच्या तांड्याची. मत रूपाबाईला द्यायचं ठरलं. मग यांचं खाऊन कसं जमंल?"

"लोक तर समद्यांचं खातेत, नायक. आन् करायचं तेच करतेत."

"खात असतील," नायक म्हणाला. कुठल्या तरी लांबच्या मुलखाची गोष्ट ऐकल्यासारखा त्याचा आवाज होता.

 निवडणुकांत रत्नपालनं माणसं एका ताटापायी फिरताना पाहिली होती, शिकलेली, पदावरची, कालपर्यंत त्याच्याच सतरंजीवर बसलेली. आणि इथं अख्खा तांडा आपली आपली भाकर खात होता. पक्ष संपला म्हणून आपण रडत बसलो, आणि हे लोक आपल्या आधी लढाईला उभे राहिले, असं त्याला वाटलं. त्याला त्या झाकणांकडं बघवेना, आणि नजर हटवताही येईना.

सवयीनं त्यानं पेढ्यांचा डबा पुढं केला. रूपाबाई दारातून आली, पदराला हात पुसत डब्याकडं पाहिलं. "हे ठिवा तुमच्यापाशी, भाऊ. आदी तिकिटाचं सांगा. गोड असलं तरी खाल्लं म्हंजी खाल्लंच."

नकाराचं वाक्य त्यानं वाटभर घोकलं होतं. आता ते गिळून, डबा मागं घेत तो लिंबाखालीच टेकला. रूपाबाई उभी राहून वाट पाहत होती. मग तिनंच त्याची सुटका केली. "भुकेजले असाल. भाकर वाढू का?"

रत्नपाल हात धुवायला उठला.

"इचार करून बसा," शंकरसिंग शांतपणे म्हणाला. "रीत पावन्यालाबी हाये."

 रत्नपाल हात धुऊन रूपाबाईच्या चुलीसमोर मांडी घालून बसला. खिशातला एबी फॉर्म काढून त्यानं रूपाबाईच्या हातात दिला. "उद्या सकाळीच औंढ्याला या, बाई. अर्ज भरून टाकू."

तेवढ्यात फोन वाजला. जिल्हाध्यक्ष होते. रत्नपालनं फोन न उचलताच पेढ्यांच्या डब्यावर पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला.

"मीठ बराबर हाये का?" रूपाबाईनं विचारलं.

"बराबर हाये," तो म्हणाला, आणि दुसरी भाकर मागून घेतली.