मुळाच्या चुण्या

सापाचा दात कापायला शिकवताना आबांनी लेकीला पहिला धडा दिला तो असा: "भिंगरे, मूळ आधी छाटायचं. मुळाशी काय असतं? नुसता गाळ." मग दात राळेत बसवायचा, काचेवर घासत घासत कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. संग्रहालयाच्या त्या खोलीत आबांची हयात गेली, तीही एकाच प्रश्नापायी. विषारी सापाच्या दाताला विष वाहायची पन्हळ आली कुठून? विषानेच ती कोरली, असं आबा छातीठोकपणे सांगत. आणि सांगत इतकं रसाळ, की ऐकणाऱ्याची मान आपसूक डोलावी.

आबा निवृत्त झाले, खोली भिंगरीकडे आली. एकदा घाईगडबडीत तिच्याकडून मूळ छाटायचंच राहिलं. दात साध्या बिनविषारी सापाचा, तो जबड्यासकट घासला गेला. भिंगातून बघते तर काय, मुळाशी चुण्याच चुण्या! मग तिने विषारी सापांचे दातही मुळासकट घासले. तिथेही त्याच चुण्या; फक्त त्यांतली एक खोल होत, वर चढत, थेट टोकाला पोचलेली. सापाचे दात सारखे पडतात, नवे येतात. नव्या दाताने जबडा घट्ट धरावा, एवढंच त्या चुण्यांचं काम. पकडीसाठी पडलेल्या घडीतून विषाला पुढे कधीतरी वाट सापडली होती.

तिने आबांना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा वर केला नाही. "घासणं कच्चं आहे तुझं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

तिला हवं तरी काय होतं? आबांनी चारचौघांत एकदा म्हणावं, हे माझ्या लेकीने पाहिलं. बस्स.

पुढे आबांचा सत्कार झाला. भाषणाला ते उभे राहिले आणि पडद्यावर तिनेच घासलेला काप झळकला.

"मला तर पहिल्यापासून शंका होती, खरी गंमत मुळाशी आहे म्हणून," आबा म्हणाले. सभागृह डोललं. "घासायला लेकीचा हात लागला हो. तेवढं श्रेय दिलं नाही तर घरी चहा मिळायचा नाही."

लोक पोट धरून हसले. प्रश्न विचारायची वेळ आली तशी भिंगरी उठली. शेजारून आईने हात ओढला. "बस गं. घरी बोल काय ते."

"आबा, पहिल्यापासून शंका होती, तर मला मुळं का छाटायला लावलीत? तुमच्या कपाटात एवढे काप आहेत. एकाला तरी मूळ आहे?"

आबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

शोध तिच्या नावावर छापून आला. आबा तिच्याशी अबोला धरून बसले, असं मात्र नाही. "मॅडम, जरा खिडकी लावता का?" असं अगदी अदबीने, परक्याशी बोलावं तसं बोलतात.

एकदा अशीच खिडकी लावून ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा आईने मान वर न करता विचारलं, "झालं समाधान?"

"झालं," भिंगरी म्हणाली. आणि वाईट हेच, की ते खरं होतं.