तीस डेसिबलच्या आत

दर शनिवारी दुपारी चार वाजता मी बकऱ्या शोधायला बसते.

माझं वय अठ्ठावन्न. बकऱ्या कॉम्प्युटरमधल्या आहेत. माझी मुलगी अनुजा बेंगळुरूला पाच माणसांच्या एका कंपनीत गेम बनवते. त्या गेममध्ये एक मुलगी कारखान्याच्या गावात हरवलेल्या बकऱ्या शोधत घरोघरी फिरते. गेम अजून बाजारात यायचा आहे, आणि त्यात कुठे काय बिघडतं ते पाहायला अनुजाने जी माणसं बसवली आहेत त्यांतली एक मी. मी बकरीच्या मागे भिंतीत अडकते, ती तिकडे कपाळाला हात लावते, आणि मग आम्ही दोघी त्याच कॉम्प्युटरवरून बोलतो. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, शेजारच्या वंदनाच्या सुनेचं काय झालं, सगळं. एरवी फोनवर तिचं "हां आई, बोल जल्दी" असतं. या एका तासात ती कुठेच पळत नाही.

अडचण आमच्या कॉम्प्युटरची होती. अनुजा कॉलेजात असतानाचं ते खोकं. गेम सुरू झाला की त्याचा पंखा असा भडकायचा की शेजारचे विचारायचे, मिक्सर इतका वेळ का चालू आहे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी अनुजा वैतागून म्हणाली, "आई, मेरे को सिर्फ घूं-घूं सुनाई दे रहा है. तू काय बोलून राहिली, काहीच समजत नाही. शांतवाला नवीन कॉम्प्युटर घे, नाही तर टेस्टिंगले मी दुसरं कोणी पाहते. जूनमध्ये रिलीज आहे."

दुसरं कोणी! म्हणजे माझा तास बेंगळुरूच्या कुठल्या तरी पोराला मिळणार. मी त्याच संध्याकाळी ठरवलं की कॉम्प्युटर घ्यायचा. वीस वर्षं मी प्लांटच्या वसाहतीतल्या, आमच्या सेक्टरमधल्या मुलांना गणित शिकवलं, त्या पैशांची एक एफडी होती. ती मोडली तर साठ हजार येत होते. रोज दुपारी व्हिडिओ पाहून मी वहीत लिहून घ्यायला लागले. पंखा मोठा असला तर हळू फिरूनही काम करतो आणि आवाज कमी होतो. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो तापत नाही. बकऱ्यांना यंदाचं ग्राफिक कार्ड लागत नाही, मागच्या पिढीचं चालतं. पंधरा दिवसांत मला इतकं कळलं की सरळ सुपेल्याच्या बाजारात जाऊन घेऊन आले असते.

तिथेच चूक झाली. मी घरात सांगितलं.

आमचे हे, बाबाराव. (तोंडाने नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, लिहायला काय जातं.) चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या खरेदी खात्यात काढून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. प्लांटने त्यांना सोडलं, पण खरेदी खात्याने काही सोडलेलं नाही. आमच्याकडे कोथिंबीरही तीन ठिकाणी भाव विचारून येते, आणि तोपर्यंत पोहे थंड झालेले असतात.

"साठ हजाराची खरेदी अशी नसते होत," ते म्हणाले. "इंडेंट पाहिजे, स्पेसिफिकेशन पाहिजे, तीन कोटेशन पाहिजे." (इंडेंट म्हणजे मागणीचा अर्ज.)

"पैसे माझे आहेत," मी म्हणाले.

"पैशे कोणाचेही असो. प्रोसिजर आहे न."

एक गोष्ट आधीच सांगते. अनुजा पूर्वी प्लांटमध्येच ऑफिसर होती. बापाने गल्लीभर पेढे वाटले होते. सव्वा वर्षापूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि 'खेळ बनवायला' गेली. त्या दिवसापासून बाबाराव तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. बापलेकीचा सगळा व्यवहार थ्रू प्रॉपर चॅनेल, म्हणजे माझ्यामार्फत. शनिवारी चार वाजता ते माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. दाराच्या पडद्यामागे पेपर घेऊन उभे राहतात. तासभर उभ्याने पेपर वाचणारा आणि एकदाही पान न उलटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शिवाय मधून मधून तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटत असतात. मी लक्ष देत नाही.

तर खरेदी समिती बसली. अध्यक्ष बाबाराव. पैशांच्या बाजूने देवाजी, हे अकाउंट्समधून रिटायर. आवाजाचे तज्ज्ञ म्हणून मारोतराव. मारोतरावांनी एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली, आणि त्यांचे दोन्ही कान तिथेच राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर अंगणात उभं राहून ओरडावं लागतं.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"आवाजाचा अनुभव त्यांच्याइतका कोणाले आहे?" बाबाराव म्हणाले. मी चहा ठेवला.

समितीच्या तीन बैठका झाल्या आणि त्यांत माझा अर्धा किलो चिवडा संपला. ज्या बाईला कॉम्प्युटर वापरायचा होता तिला एकाही बैठकीत कोणी काही विचारलं नाही. देवाजींचं म्हणणं होतं की नियमाप्रमाणे सर्वांत स्वस्त तोच घ्यावा लागेल. मारोतरावांना कॉम्प्युटरला चाकं असावीत असं वाटत होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग तिघंही सुपेल्याच्या बाजारात मशीन ऐकायला गेले. मागून मी. दुकान चौकातलं. बाहेर ट्रकचे हॉर्न, समोर वेल्डिंग, बाजूला बूट-चपलांच्या सेलचा भोंगा. सर्वांत कमी भाववाल्याने एक खोकं चालू केलं. त्याला सहा पंखे आणि प्रत्येक पंख्यात रंगीबेरंगी दिवे. गणपतीच्या मांडवासारखं लखलखत होतं. मी जवळ जाऊन कान लावला. आतून आमच्या जुन्या खोक्याचा सख्खा भाऊ गात होता.

मारोतरावांनीही कान लावला. डोळे मिटले. मग समाधानाने मान हलवली. "मले तं काहीच आयकू नाही येऊन राह्यलं. एकदम शांत. पास!"

"एल-वन पण हाच आहे," देवाजी म्हणाले. एल-वन म्हणजे सर्वांत स्वस्त. एल-वन हा शब्द आला की खरेदी खात्याच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते बाबारावांच्या चेहऱ्यावर आलं.

एफडी एकदाच मोडता येते. हे मांडववालं खोकं घरी आलं की शनिवार गेला, आणि शनिवारबरोबर अनुजाही गेली. मला तिथेच रस्त्यावर रडू येणार होतं, पण रडण्यापेक्षा मला राग लवकर येतो.

रात्रीच्या जेवणावर या माणसाच्या खरेदी खात्याच्या गोष्टी मी चौतीस वर्षं फुकट ऐकलेल्या नाहीत. कोणत्या पार्टीला ऑर्डर द्यायची हे आधी ठरवायचं आणि मग स्पेसिफिकेशन असं लिहायचं की तिच्याशिवाय कोणी बसूच नये, हे किस्से मला तोंडपाठ आहेत. बाबारावांनी स्वतः असं कधी केलं नाही. ते सरळ आहेत, म्हणून तर आमचं घर इतकं लहान आहे. पण करतात कसं, ते त्यांनी मला पोळी वाढता वाढता नीट शिकवलं होतं.

घरी येऊन जेवायला वाढताना मी म्हणाले, "अहो, स्पेसिफिकेशन तं अजून टाइपच नाही झालं. कोटेशन कावून घेतले मग? ऑडिट आलं तं?"

ऑडिट हा शब्द ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. "अरे बाप रे," ते म्हणाले. "खरं आहे. सगळं रद्द."

"तुमी आराम करा. मी कच्चं लिहून ठेवते."

मी वहीतलं सगळं लिहिलं. पंखे बारा सेंटिमीटरपेक्षा लहान नकोत. दिवे नकोत. हार्ड डिस्क नको, कारण ती कुरकुरते. काम कमी असेल तेव्हा ग्राफिक कार्डाचे पंखे आपोआप थांबले पाहिजेत. पॉवर सप्लाय गरजेच्या दीडपट. कॅबिनेटला जाळी, आणि जाळीला धुता येणारी गाळणी, कारण जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूने वारा आला की आमच्या घरात धुळीचा थर बसतो. आवाज तीस डेसिबलच्या आत. चाचणी घरी, दारं बंद, कूलर बंद, आवाज मोबाईलवर मोजणार; कानाचा अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही. बाबारावांनी ते वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि खाली स्वतःची सही केली.

या कागदात बसणारा दुकानदार सुपेल्यात एकच होता. भूपेंद्र. तो दहावीला माझ्याकडे गणिताला यायचा आणि त्याच्याकडे मी आधीच दोनदा जाऊन आले होते. कागद वाचून तो म्हणाला, "मॅडम जी, इतना बारीक स्पेसिफिकेशन किसने लिखा?"

"साहब ने," मी म्हणाले.

त्याने सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत तोंड लपवून हसला. याला खरेदी खात्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. बाकी दोन दुकानांनी कागद परत पाठवला. मांडववाल्याने तर विचारलं, दिवे काढायचे वेगळे पैसे देणार का?

मेच्या दुसऱ्या शनिवारी काळं, साधं, बिनदिव्याचं खोकं घरी आलं. चाचणीसाठी समिती दुपारी तीनला जमली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, दारं बंद, कूलर बंद. तिघांच्या बनियनांतून घाम निथळत होता. भूपेंद्रने गेम लावून दिला आणि मोबाईल समोर धरला. अठ्ठावीस. मारोतरावांनी सवयीने कान लावलाच. "हे बंद आहे," ते म्हणाले. "चालू करा न राजेहो!"

सगळे पांगले. आता फक्त मटेरियल स्वीकारल्याच्या फॉर्मवर बाबारावांची सही राहिली होती. "प्रत्यक्ष वापरात पाहून करतो," ते म्हणाले आणि पेपर घेऊन पडद्यामागे गेले.

चार वाजता अनुजा कॉलवर आली. हेडफोनने माझे कान दुखतात, म्हणून मी स्पीकरवरच बोलते. "आई? तू आहेस न? इतकी शांतता?"

"आहे न इथंच," मी म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी न ओरडता बोलत होतो.

त्या दिवशी तिने गेमचा नवा भाग दिला होता. बकरी एका गल्लीत पळाली, मी मागे. गल्ली ओळखीची वाटली. पिवळी क्वार्टरं, कंपाउंडला मेंदी, मागे सिमेंटची टाकी. माझा हात थांबला. ते आमचं सेक्टर सातचं क्वार्टर होतं. रिटायर झाल्यावर आम्ही ते सोडलं. अनुजाने ते जसंच्या तसं बांधलं होतं. मागच्या अंगणात पेरूचं झाडही होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात पडद्यामागून पुटपुट आली.

"पेरू डाव्या बाजूले होता. हिनं उजवीकडे लावला."

बकरी पेरूखाली उभी होती. मग अनुजा हळू म्हणाली, "आई, हे कोण बोललं?"

पेपर खाली पडल्याचा आवाज आला. बाबाराव आत आले, चेहरा लालबुंद. माझ्या कानाशी येऊन जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू म्हणाले, "तिले आयकू गेलं?"

"हो बाबा," अनुजा म्हणाली. "हे पण येऊन राहिलं ऐकू."

बाबारावांनी टेबलावरचा फॉर्म उचलला, खिशातलं पेन काढलं. "मटेरियल रिजेक्ट," ते मला म्हणाले. "इकडचा आवाज तिकडे जाते."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सव्वा वर्ष अबोला धरलेला हा माणूस पाच महिने पडद्यामागे उभा राहून दर शनिवारी मुलीशी बोलत होता. जुन्या खोक्याच्या घूं-घूंमध्ये ते कोणालाच ऐकू जात नव्हतं. मलाही शब्द कळत नव्हते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी फॉर्म हातातून ओढून घेतला.

"बाबा," अनुजाचा आवाज आता भरला होता, पण प्रश्न तिने कामाचाच विचारला. बापाचीच मुलगी ती. "डावीकडे म्हणजे कुठून? घरातून पाहिलं तर की रस्त्यावरून?"

बाबाराव उभे. पेन हवेत. चुकीचं स्पेसिफिकेशन समोर असताना गप्प बसणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही.

"घरातून," ते म्हणाले. "मागच्या दारातून. टाकीपासून सहा फूट. अन् इतका सरळ नव्हता तो. तू चढून चढून वाकवला होता."

"किती वाकला होता?"

"सरक," बाबाराव मला म्हणाले. "इथून नीट दिसत नाही."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला, पदराने डोळे पुसले, घाम होता असं म्हणू. परत आले तेव्हा माझ्या खुर्चीत बाबाराव होते, बकरी कुठल्या कुठे गेली होती, आणि बापलेक टाकीच्या झाकणाचा रंग ठरवत होते. फॉर्मवर 'इंडेंटरची सही' अशी एक जागा असते. ज्याला वस्तू हवी होती त्याची सही. समितीला ती आठवली नव्हती. मी ती केली.

जून आला. दर शनिवारी चार वाजता माझ्या साठ हजारांच्या कॉम्प्युटरसमोर बाबाराव बसतात आणि मी पडद्याजवळ उभी राहते. आज सकाळी मी कागद घेतला आणि रीतसर इंडेंट लिहिला: खुर्ची, एक नग, तातडीची. बाबाराव म्हणाले, तीन कोटेशन लागतील.