लपवलेली कावीळ

जयकुमारकाकांचं ताट वेगळं झालं तेव्हा घरात कुणीच काही बोललं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त तपासलं आणि त्यात हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचाच एक प्रकार निघाला, एवढंच निमित्त. दुसऱ्या दिवसापासून शालूताईंनी आपल्या या दिराचं ताट-वाटी-पेला गॅलरीतल्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या टॉवेलला वेगळी दोरी बांधली. काका सोफ्यावरून उठले की त्या जागेवर फिनेलचं फडकं फिरू लागलं. शालूताई मनाने वाईट नव्हत्या, पण घाबरलेलं माणूस काय करील याचा नेम नसतो.

सिल्व्हर पार्कमधल्या त्या घरात शालूताईंच्या दोन सुना होत्या. धाकट्या विकीची बायको शिवांगी गरोदर होती. थोरली रुचिता. तिचा नवरा यतीन बोटीवर नोकरीला, वर्षातून काही महिनेच घरी. काकांचं काय चाललंय हे रुचिता रोज बघत होती आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण काकांना झालंय ते काय आहे हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

रुचिता घोडबंदर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो कसा, हाच तिचा विषय. छोट्या बशीत यकृताच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर विषाणू सोडायचा आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ज्या पेशीत तो शिरला ती हिरवी चमकायची. घरी मात्र लग्न झाल्यापासून तिने, "औषधांचं टेस्टिंग करते," एवढंच सांगितलं होतं. काविळीचा विषाणू हाताळते म्हटलं तर सासूबाई ओट्याला हात लावू देणार नाहीत, ही भीती. तेव्हा ती थाप किरकोळ वाटली होती.

एका सकाळी काका पिशवी भरून दारात उभे राहिले. "राईला, गावच्या घरी जातोय. खाडीकडची हवा मानवते मला."

शालूताई म्हणाल्या, "जपून जा, भाऊजी." थांबा म्हणाल्या नाहीत.

रुचिता त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरली. काका रिक्षात बसता बसता म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हाय. जेवणाच्या भांड्यावरनं लागतो काय हा रोग?"

"नाही काका. जेवणातून नाही, शिवल्याने नाही, शेजारी बसल्याने नाही."

"मग हे वर का न्हाय बोललीस?"

रिक्षा निघून गेली. रुचिता फाटकाशीच उभी राहिली. त्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्याकडून साध्या मोजमापातही दोनदा चूक झाली. घरी आली तर ही खोली ती खोली करत राहिली. बसवेना, वाचवेना, टीव्हीचा आवाज सोसवेना.

पुढच्या आठवड्यात शिवांगी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. रुचिता मदतीला गेली. चादरीची घडी घालता घालता शिवांगी एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? काकांना जे झालंय ना, ते आईकडून बाळाला जातं का?"

रुचिताच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. "कुणाच्या आईकडून, शिवांगी?"

शिवांगीने चादर छातीशी धरली. तोंड फिरवून रडू लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गरोदरपणातल्या तपासणीत तिच्याही रक्तात तेच निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, नवऱ्याला घेऊन या म्हटलं होतं. पण त्याच सुमारास काकांचं ताट गॅलरीत गेलं. तेव्हापासून शिवांगीने त्या दवाखान्याची पायरी चढायचंच सोडलं. बाळंतपणाला ती डहाणूला माहेरी जाणार होती आणि तिथे हा रिपोर्ट दाखवायचाच नाही, असं तिने ठरवलं होतं.

"विकीलापण नाही सांगितलंय. ताई, प्लीज, कुणाला बोलू नका. काकांचं काय केलं बघितलं ना? मला तर घरातच घेणार नाहीत."

रुचिता मनात हिशेब करू लागली. असं बाळ जन्मलं की काही तासांत त्याला लस आणि सोबत संरक्षक इंजेक्शन मिळालं पाहिजे. ते इंजेक्शन प्रत्येक दवाखान्यात नसतं, आधी मागवून ठेवावं लागतं. आणि हिपॅटायटिस बी आहे हेच माहीत नसेल, तर मागवणार कोण?

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वरिष्ठ बर्नडेट मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम उत्तनच्या. सगळी हयात याच विषाणूत गेलेली, बोलणं सडेतोड.

"तू मला सांग, हा विषाणू कुठल्याही पेशीत घुसतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. यकृताच्या पेशीवर पित्ताचे क्षार आत घेणारं एक दार असतं. त्याच दाराने शिरतो. तेही रक्तातून तिथवर पोचला तर."

"हे तू परिषदेत इंग्रजीत फाडफाड सांगतेस. सासूला मराठीत सांगायला काय अडचण आहे?"

"मॅडम, मी काय काम करते हेच त्यांना माहीत नाही."

बर्नडेट मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या घरात दोघी जणी लपवतायत. तुझी जाऊ अडाणी लोकांना घाबरते असं समजू नकोस. ती बघतेय की ज्या बाईला सगळं कळतं, तीसुद्धा गप्प आहे. मग तिने काय समजायचं?"

हे बोलणं रुचिताला झोंबलं. संध्याकाळी घरी येऊन तिने आधी शिवांगीला विचारलं, घरात सगळं सांगूया का? शिवांगी मानेनेच हो म्हणाली. मग चहाच्या वेळी विकी आणि शालूताई समोर असताना रुचिताने बोलायला सुरुवात केली.

"आई, मी औषधांचं टेस्टिंग करत नाही. काकांना जो आजार आहे, त्याच विषाणूवर आमची प्रयोगशाळा काम करते. मी रोज तो हाताळते."

शालूताईंनी हातातला कप खाली ठेवला. "आणि त्याच हातांनी माझ्या घरात भाकऱ्या थापतेस?"

"हो. इतकी वर्षं. मी लस घेतलीय, हातमोजे घालते, सगळे नियम पाळते. पण तुम्ही ज्याला घाबरता, तसं जेवणातून काही होतच नाही. रक्तातून होतं, नवरा-बायकोच्या संबंधातून होतं, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतं. काकांना बहुधा लहानपणापासूनच असेल. त्यांच्या आईकडून आलं असेल."

शालूताई पुढे सरकल्या. "त्यांच्या आईकडून? मग यांनाही तेच झालं असेल?"

यांनाही म्हणजे त्यांच्या नवऱ्याला. ते यकृताच्या आजाराने ऐन उमेदीत गेले होते.

"नक्की नाही सांगता येणार, आई. पण असू शकतं. कित्येकांना वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि आतल्या आत यकृत खराब होतं."

"सगळा गाव म्हणायचा, दारू पिऊन मेला." शालूताईंचा आवाज अगदी बारीक झाला. "आमच्या घरात बाटली कधी आली न्हाय गं. मी शपथा घेऊन सांगायची, कुणी मानलं न्हाय. मयताला आलेल्या बायकासुद्धा पाणी न पिता गेल्या." त्या थांबल्या. "आणि मी भाऊजींना तसंच वागवलं."

तेव्हा शिवांगी म्हणाली, "आई, मलापण आहे."

विकी ताडकन उभा राहिला. "कुठून आलं?"

"ते विचारू नकोस," रुचिता म्हणाली. "कदाचित तिच्या आईकडून, कदाचित तुझ्याकडूनच, आणि तुला पत्ताही नसेल. तुझी तपासणी कधी झालीय? याच प्रश्नाला भिऊन ती गप्प बसली होती."

विकी खाली बसला. शालूताई उठल्या, शिवांगीजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माहेरी नको जाऊस. उद्या आपण दोघी त्याच डॉक्टरीणबाईकडे जाऊ."

पुढचे दिवस धावपळीचे गेले. घरात सगळ्यांची तपासणी झाली. विकीच्या रक्तातही विषाणू निघाला; कुणाकडून कुणाला आला हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याची औषधं सुरू झाली. शालूताईंना लागण नव्हती. त्यांनी लस घेतली. शिवांगीला शेवटच्या महिन्यांत गोळ्या दिल्या. बाळंतपण झालं त्या दिवशी इंजेक्शन आधीच मागवून ठेवलेलं होतं, तरी शालूताई नर्सला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "सिस्टर, बाळाला दोन्ही दिली ना? लस पण आणि ते दुसरं पण?"

मुलगी झाली. वर्षभराने तिचं रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. तो निकाल कळेपर्यंत रुचिताला मात्र निवांत झोप लागली नाही.

बारशाच्या आधी शालूताई रुचिताला घेऊन राईला गेल्या होत्या. काका अंगणात जाळं विणत होते. शालूताईंनी हात जोडले. काकांनी जाळ्याची हातातली गाठ पुरी केली.

"राग हाय माझ्या मनात, वहिनी. खोटं कशाला बोलू? राहायला न्हाय येणार. पण नातीला बघायला येईन."

ते आले, आणि दिवसभर नातीला मांडीवर घेऊन बसले. सिल्व्हर पार्कला राहायला मात्र ते पुन्हा आले नाहीत.

मंडळी, काही जखमा माफी मागितल्यावरही पुरत्या भरत नाहीत, म्हणून त्या करायच्या आधीच विचार करावा. घरात एका आजाऱ्याला दूर सारलं की दुसरा आजार लपवायला शिकतो, आणि लपवलेला आजार जन्माला येणाऱ्या लेकरापर्यंत पोचतो. तपासणी करून घ्या, लस घ्या. आणि ज्याला खरं काय ते ठाऊक आहे, त्याने तरी गप्प बसू नये.