मुहूर्ताची फरशी

सोनपेठच्या बाजारात व्यंकटरावांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर सागवानी फळ्यांची माडी. त्या माडीवर त्यांच्या सुनेला, राजेश्रीला, शिवणक्लास काढायचा होता. पोरींनी नावंसुद्धा दिली होती. फरशी नीट बसली तर क्लास, नाहीतर चूल आहेच, असं सासऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं.

काम उघड होतं. फळ्यांवरचा शेणामातीचा थर खरवडायचा, कुजक्या फळ्या बदलायच्या, हलणाऱ्या फळ्या स्क्रूनं आवळायच्या, वर सिमेंटचे बोर्ड टाकायचे आणि मग फरशी. बजरंग मिस्त्रीनंच तिला हे समजावलं होतं. पण काम सुरू व्हायच्या आधीच मुहूर्त निघाला. मुहूर्त टळायची वेळ आली असती तर व्यंकटराव नवरदेवाशिवाय अक्षता टाकून मोकळे झाले असते! त्यांनी फेटा बांधला, बाजारातली चार माणसं बोलावली आणि त्या सारवणावरच, बरोबर मधोमध, पहिली फरशी स्वतःच्या हातानं चिकटवली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. फुकटचा पेढा मिळाला की ती कशालाही टाळ्या वाजवत.

दुसऱ्या दिवशी बजरंग हत्यारं घेऊन आला, राजेश्री खुरपं घेऊन खरवडायला बसली, तोच व्यंकटराव जिना चढून आले.

"मुहूर्ताच्या फरशीला हात लावायचा न्हाई. बाकीची जमीन तिच्या बरोबरीनं करा."

"मामंजी, बोर्ड टाकल्यावर बाकीचं बोटभर वर जातंय. मधी खड्डा पडंल."

"मग बोर्ड टाकूच नका!"

"बरोबर हाय, मालक," बजरंग म्हणाला. बोर्डाशिवाय फरशी बसवणाऱ्याला कालच गाढव म्हणणारा हाच तो बजरंग.

राजेश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. बालाजी भिंतीला टेकून मान हलवत होता. नंदीबैलाला निदान गुबूगुबू तरी ऐकावं लागतं, याला तेवढंही लागत नसे.

"बाबा म्हणायलेत तर राहू दे की," तो म्हणाला.

तिला किळस आली. मशिनी चालल्या की फळ्या हलणार, फरश्या सुटणार आणि खापर फुटणार क्लासवर. मुहूर्ताला कोण नावं ठेवतंय!

"बजरंगभाऊ, पहार द्या."

बजरंग मालकाच्या तोंडाकडं बघत राहिला. ती वाकली आणि तिनं फरशीच्या कडेखाली नुसती नखं घातली. तव्यावरची भाकरी निघावी तशी फरशी अलगद हातात आली, खाली शेणाचा पोपडा घेऊन. उघड्या पडलेल्या फळीला वाळवीनं पार पोखरलं होतं. राजेश्रीनं टाच दाबली. फळी कडकन मोडली आणि भोकातून खालचं दुकान दिसायला लागलं.

"मामंजी, तुमची गादी दिसायली बघा."

व्यंकटरावांनी वाकून पाहिलं. तोंडावरचा रंग उडाला, पण तोरा जागच्या जागी. "मी म्हणतच व्हतो, फळी बदला म्हणून."

"बरोबर हाय, मालक."

तिनं खुरपं बालाजीच्या हातात कोंबलं. तो बापाकडं बघायला लागला.

"तिकडं काय बघायलाव? बसा खाली, खरवडा."

व्यंकटराव फेटा सावरत जिना उतरले. खाली गेल्यावर त्यांनी आधी आपली गादी ओढत पलीकडच्या भिंतीशी नेली. राजेश्रीनं भोकाला तोंड लावलं.

"अजून सरका, मामंजी. तिकडची बी कुजकीच हाय!"